जॅझ नवं असेल तर दोनच वाद्यांपासून सुरुवात करा : कार्ला ब्ले आणि स्टीव्ह स्वॅलो यांचा ‘ड्युएट्स’ कसा ऐकावा

जॅझ ऐकायचं मनावर घेतलं की बहुतेक जण थेट मोठ्या बँडकडे वळतात. सॅक्सोफोन, ट्रम्पेट, पियानो, बास, ड्रम्स, सगळं एकदम कानावर. पंधरा मिनिटांत डोकं भणभणतं, कारण कोण कुणाला काय म्हणतंय याचा पत्ताच लागत नाही. मग ‘हे आपल्याला झेपायचं नाही’ म्हणून प्रकरण बंद. माझा सल्ला उलटा आहे. दोन वाद्यांपासून सुरुवात करा. दोघंच असले की एकाने काय केलं आणि दुसऱ्याने ते कसं घेतलं, हे झाकून राहत नाही.

त्यासाठी मी सुचवतो तो अल्बम म्हणजे १९८८ सालचा ‘ड्युएट्स’. पियानोवर कार्ला ब्ले, इलेक्ट्रिक बासवर स्टीव्ह स्वॅलो. एकूण नऊ रचना. ड्रम्स नाहीत, गाणारं कुणी नाही. न्यूयॉर्क राज्यात, वुडस्टॉकजवळ विलो नावाचं लहानसं गाव आहे, तिथल्या ग्रॉग किल स्टुडिओत तो ध्वनिमुद्रित झाला आणि ‘वॉट’ या लेबलवर निघाला. हे लेबल ब्लेने मायकेल मँटलरबरोबर १९७०च्या दशकात सुरू केलं होतं. वितरण ईसीएम या जर्मन कंपनीचं, त्यामुळे कुठे ईसीएमचं नाव दिसलं तर गोंधळू नका. शोधताना नुसतं ‘ड्युएट्स’ टाकू नका, त्या नावाचे अल्बम ढिगाने आहेत. दोघांची नावं टाका.

आधी माणसं, थोडक्यात

कार्ला ब्ले ११ मे १९३६ची, कॅलिफोर्नियातल्या ओकलंडची. वडील पियानो शिकवायचे आणि चर्चमधल्या गायकवृंदाचं काम बघायचे, त्यामुळे लहानपण स्तोत्रांच्या चालीत गेलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, अल्बमच्या शेवटच्या रचनेपाशी ती उपयोगी पडेल. सतराव्या वर्षी ती न्यूयॉर्कला आली आणि बर्डलँड या नावाजलेल्या जॅझ क्लबात सिगारेट विकायचं काम धरलं. विक्री किती झाली कोण जाणे, पण त्या काळातले दिग्गज तिला रोज फुकटात ऐकायला मिळाले. पुढे पियानिस्ट पॉल ब्लेशी लग्न झालं आणि त्याच्यासाठी ती रचना करू लागली. १९७१ साली आलेली ‘एस्कलेटर ओव्हर द हिल’ ही तिची अवाढव्य कलाकृती. १७ ऑक्टोबर २०२३ला ती गेली. स्वतःला ती आधी संगीतकार आणि मग पियानोवादक समजायची, आणि तिचा पियानो ऐकला की ते पटतं. बोटांची कसरत दाखवण्यात तिला काडीचा रस नव्हता.

स्टीव्ह स्वॅलोचा जन्म १९४०चा, न्यू जर्सीतला. आधी पियानो, मग ट्रम्पेट, आणि चौदाव्या वर्षी डबल बास, म्हणजे उभं राहून वाजवायचं ते माणसाएवढं लाकडी वाद्य. येल विद्यापीठातलं शिक्षण अर्धवट सोडून १९६०मध्ये तो न्यूयॉर्कला पॉल ब्लेबरोबर वाजवायला आला, आणि तिथून कार्लाच्या रचना त्याच्या हाताखाली येऊ लागल्या. १९६१ साली जिमी जुफ्रीच्या त्रिकुटात त्याने तिची ‘जीझस मरिया’ वाजवलेली आहे. १९७०च्या सुमारास त्याने डबल बास बाजूला ठेवला आणि इलेक्ट्रिक बास धरला तो कायमचा. जॅझमधल्या सनातनी मंडळींना तेव्हा ते अजिबात रुचलं नव्हतं. १९७८पासून तो कार्लाच्या बँडमध्ये आला. पुढे दोघं आयुष्यातही जोडीदार झाले. म्हणजे ‘ड्युएट्स’ झाला तेव्हा हा माणूस तिच्या चाली पाव शतकाहून जास्त काळ वाजवत होता.

पहिली पायरी : मोबाइलचा स्पीकर बंद

हे सांगायला नको खरं तर, पण सांगतो. बासची सगळ्यात जाड तार सुमारे ४१ हर्ट्झची. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून तो सूर जवळजवळ येतच नाही. वरचे पडसाद तेवढे येतात आणि मेंदू उरलेलं जुळवून घेतो. दोन वाद्यांच्या अल्बममधलं एक वाद्य असं अर्धवट ऐकलं तर मग राहिलं काय? वायरवाला साधा हेडफोन पुरेसा आहे, महागडा नको. मात्र ‘बास बूस्ट’ असलं काही चालू असेल तर ते बंद करा. त्याने खालचा सूर फुगतो आणि स्वॅलोच्या वाजवण्यातलं सगळं कोरीवकाम त्याखाली दबून जातं.

बसची खिडकी, मिक्सरचा आवाज, टीव्ही, यांच्यासोबत हा अल्बम ऐकू नका. आवाज मोठा करून हे संगीत सुधारत नाही. आजूबाजूचं शांत असलं म्हणजे झालं.

दुसरी पायरी : बासचा आवाज ओळखून ठेवा

आपल्याकडे बास गिटार म्हटलं की डोळ्यांसमोर येतो गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रात मागे उभा असलेला, कुणाचंच लक्ष नसलेला वादक. त्याचं काम धमधम करत ठेका धरायचं. ती कल्पना इथे सोडून द्यावी लागते. स्वॅलोचा बास गातो.

त्यामागे तीन कारणं आहेत आणि तिन्ही कानाने पकडता येतात. एक, तो बोटांऐवजी पिकने, म्हणजे गिटारवाले वापरतात त्या चपट्या तुकड्याने तार छेडतो. त्यामुळे प्रत्येक सुराच्या सुरुवातीला एक बारीकशी धार येते, टोक येतं. दोन, इलेक्ट्रिक बासची आस लांब. डबल बासच्या तारेची ताकद लाकडी पोट हलवण्यात लवकर खर्च होते, म्हणून बोटाने छेडलेला सूर ‘टुम्’ करून विरतो. इलेक्ट्रिक बासमध्ये तारेखालचं चुंबक तिची थरथर पकडतं आणि ॲम्प ती मोठी करतो. लाकडाला फारसं काही करावं लागत नाही, म्हणून सूर बराच वेळ टिकतो. तीन, त्याच्या बासला पाच तारा. आजकाल पाचवी तार बहुधा खालच्या सुराची लावतात. स्वॅलोने ती वर लावली. त्यामुळे तो चढत चढत गिटारच्या प्रदेशात सहज शिरतो.

आता पियानोचं बघा. पट्टी दाबली की आतली हातोडी तारेवर पडते, आणि त्या क्षणापासून सूर फक्त कमी होत जातो. तो फुगवता येत नाही, मींड घेता येत नाही. म्हणजे या जोडीत लांब ओढ बासकडे, आणि ठिपके ठेवण्याचं काम पियानोकडे. बासने धून धरायची आणि पियानोने खाली बसायचं, ही अदलाबदल इथे शक्य होते ती याच्यामुळे. पियानो आणि डबल बासच्या जोड्या जॅझमध्ये भरपूर आहेत, पियानो आणि इलेक्ट्रिक बासच्या फारच थोड्या. हा फरक कळण्यासाठी ड्यूक एलिंग्टन आणि जिमी ब्लँटन यांचं १९४०चं ‘पिटर पँथर पॅटर’ एकदा ऐका. सुरेखच आहे ते, पण तिथला बास उड्या मारतो. इथला श्वास घेत बोलतो. स्वॅलो लहानपणी ट्रम्पेट वाजवायचा हे आठवलं की त्याच्या ओळी कुठे तुटतात याचा उलगडा होतो, असं माझं मत.

तिसरी पायरी : पहिल्या ट्रॅकपासून सुरू करू नका

अल्बम क्रमाने ऐकावा असं शुद्धतावादी सांगतील. नवख्याने तसं करू नये. थेट तिसऱ्या ट्रॅकवर जा: ‘उत्विक्लिंग्सांग’. नाव नॉर्वेजियन धाटणीचं आहे, चाल संथ आहे, आणि सूर इतके मोजके की दोन वेळा ऐकल्यावर तुम्ही ती गुणगुणू शकाल. नवशिक्यासाठी याहून सोयीची चाल या अल्बमात नाही.

ती लागोपाठ तीनदा ऐका. पहिल्यांदा नुसती, काही न शोधता. दुसऱ्यांदा फक्त बासच्या मागे जा: धून त्याच्याकडे केव्हा आहे, तो खाली खर्जात केव्हा उतरतो, आणि उतरताना घाई करतो का. तिसऱ्यांदा फक्त पियानोच्या डाव्या हाताकडे लक्ष द्या. हे जरा कठीण जातं, कारण कान सारखा वरच्या सुरांकडे पळतो. पण या अल्बमची सगळी गंमत डाव्या हातात आहे. बास वर गायला गेला की तळ कोण सांभाळतं? कधी ब्लेचा डावा हात. कधी कुणीच नाही, आणि तरीही तळ आहे असं वाटत राहतं, कारण आधीच्या फेरीत तो ऐकलेला असतो.

इथे ‘जुगलबंदी’ हा शब्द तोंडावर येतो. तो जपून वापरा. जुगलबंदीत आपण सवाल-जवाबाची, चढाओढीची, शेवटी टाळ्या घेणाऱ्या दुगुनीची वाट बघतो. तसलं इथे काही घडत नाही. दोघं एकमेकांना हरवायला बसलेले नाहीत. जिना उतरताना दोघांनी मिळून कपाट धरलं की एकाने हात बदलताना दुसरा आपोआप भार घेतो, तसलं हे काम आहे. ड्रम्स नसल्यामुळे लयही दोघांनाच पेलायची असते. मात्रा कुणी वाजवून दाखवत नाही, तरी ती हलत नाही. पायाने हळूच ठेका धरून बघा, दोघंही जिथे गप्प बसतात तिथेसुद्धा तुमचा पाय बरोबर पडेल.

चौथी पायरी : सोलोमध्ये हरवलात तर

सगळ्यांचंच इथे अडतं. धून संपते, मग दोघांपैकी एक जण काहीतरी वेगळंच वाजवू लागतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की दुसरीच रचना सुरू झाली. तसं नसतं. जॅझमधल्या बहुतेक रचनांना कॉर्डची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गुच्छांची, एक ठरलेली साखळी असते. आधी त्या साखळीवर मूळ धून वाजते, मग तीच साखळी पुन्हा पुन्हा फिरते आणि तिच्यावर नवी धून तिथल्या तिथे रचली जाते, शेवटी मूळ धून परत येते. तालाच्या आवर्तनाची सवय असलेल्या कानाला ही कल्पना परकी वाटू नये. फरक एवढाच की इथल्या आवर्तनात मात्रांबरोबर कॉर्डही ठरलेले असतात, आणि आवर्तन लांब असतं. जॅझमधला नेहमीचा साचा ३२ बारचा. चार मात्रांचा एक बार धरला तर १२८ मात्रांनी ‘सम’ येते. ब्लेच्या चाली या साच्यात बसतीलच असं नाही, उलट आखूड-लांब वाक्यांची तिला खोडच आहे.

म्हणून मोजत बसू नका. उपाय सोपा आहे: सोलो चालू असताना मूळ धून मनातल्या मनात गुणगुणत राहा. तुमची धून आणि बाहेरचा सोलो एकमेकांना न अडखळवता शेजारी चालू लागले की समजा, साखळी सापडली. मग एखाद्या ठिकाणी बासचा सूर आणि तुमच्या मनातला सूर अचानक एकच निघतो. स्वॅलो मूळ चालीतला तुकडा असा अधूनमधून सोडून जातो की काय, ते तुम्हीच ताडून बघा. ‘उत्विक्लिंग्सांग’ संथ असल्यामुळे हा सराव तिच्यावर सगळ्यात सोपा जातो.

पाचवी पायरी : तीच चाल, दुसरा संच

ही पायरी वगळू नका. ‘उत्विक्लिंग्सांग’ मुळात १९८१च्या ‘सोशल स्टडीज’ या अल्बममधली. तिथे ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, ट्यूबा, सॅक्सोफोन, ड्रम्स असा भरगच्च ताफा आहे. ब्ले आणि स्वॅलो त्यातही आहेत. आधी दोघांची ऐकून मग ही लावा. मोठ्या संचात पितळी वाद्यं मिळून जे लांब, जाड सूर धरतात, त्यांची सावली दोघांच्या वाजवण्यात कुठे उरली आहे? ब्लेने कोणते सूर टाकून दिले? संगीतकार स्वतःची रचना कशी सोलते, हे शिकायचं तर याहून चांगली वही मिळणार नाही.

नंतर २०१३चा ‘ट्रायोज’ घ्या. तिथे या दोघांबरोबर सॅक्सोफोनवर अँडी शेपर्ड आहे आणि चाल तीच. १९८१, १९८८, २०१३ : एकच चाल, तीन वयांची. ‘ड्युएट्स’मधल्या ‘वॉकिंग बॅटरीवुमन’ आणि ‘रिॲक्शनरी टँगो’ याही मुळात ‘सोशल स्टडीज’मधल्याच, तेव्हा हा खेळ आणखी दोनदा खेळता येतो.

सहावी पायरी : उरलेला अल्बम

आता क्रम मोडायला हरकत नाही. ‘लेडीज इन मर्सिडीज’ ऐका. ही स्वॅलोची रचना, लॅटिन ढंगाची. ड्रम्सशिवाय नाचती लय कशी उभी करतात, ते इथे बघायला मिळतं. ‘रिमेंबर’ हीसुद्धा त्याचीच. त्यानंतर ‘रिॲक्शनरी टँगो’, तीन भागांचा. ब्लेचा मिश्किल स्वभाव इथे पुरेपूर दिसतो: टँगोचा रुबाब सगळा आहे, पण चेहरा सरळ ठेवून कुणी थट्टा करावी तसा. ‘वॉकिंग बॅटरीवुमन’ शेवटून दुसऱ्या नंबरावर ठेवा. तिची चाल काटेरी आणि तुटक आहे. पहिल्याच दिवशी ऐकली तर अंगावर येईल. ‘बेबी बेबी’, ‘अप्स अँड डाउन्स’ आणि ‘रोमँटिक नोशन्स’ मालिकेतली तिसरी रचना मध्ये कुठेही ऐका, त्यांना वेगळी तयारी लागत नाही.

आणि सगळ्यात शेवटी शेवटचा ट्रॅक: ‘सून आय विल बी डन विथ द ट्रबल्स ऑफ धिस वर्ल्ड’. हे आफ्रिकन-अमेरिकन लोकांचं जुनं भक्तिगीत. या जगातल्या त्रासांतून आता सुटका होईल, देवाघरी जायचं आहे, एवढाच अर्थ. गुलामगिरीत पिढ्या काढलेल्या लोकांच्या तोंडी हे वाक्य कसं येत असेल, ते मुद्दाम समजावून सांगायची गरज नाही. ‘इमिटेशन ऑफ लाइफ’ या १९५९च्या चित्रपटात अंत्यविधीच्या प्रसंगात महेलिया जॅक्सन ते गाते. शक्य असेल तर आधी तिचं ऐका आणि लगेच हा ट्रॅक लावा. चर्चमध्ये वाढलेल्या मुलीचे हात इथे कळतात. स्तोत्राला साथ देताना कॉर्ड कुठे ठेवायचा आणि कुठे नुसतं थांबायचं, हे तिला कुणी नंतर शिकवलेलं नाही.

पुढे काय ऐकाल

या दोघांचे असे आणखी दोन अल्बम आहेत. ‘गो टुगेदर’ १९९३चा. त्यात ‘सिंग मी सॉफ्टली ऑफ द ब्लूज’ आणि ‘ॲड इन्फिनिटम’ या ब्लेच्या जुन्या चाली आहेत, शिवाय स्वॅलोची ‘पो दूस’. वाजवणं ‘ड्युएट्स’पेक्षा सैल झालंय, आणि मला तरी तो थोडा अधिक आवडतो. तरीही नवख्याला आधी ‘ड्युएट्स’च द्यावा, कारण त्यात प्रत्येक गोष्ट ठळक दिसते. १९९९चा ‘आर वी देअर येट?’ युरोपातल्या मैफलींमधला, त्यामुळे श्रोत्यांसमोर दोघं कशी मोकळी होतात ते कळतं. कुर्ट वाइलची ‘लॉस्ट इन द स्टार्स’ त्यातच आहे.

पियानो आणि डबल बासची जोडी ऐकायची असेल तर कीथ जॅरेट आणि चार्ली हेडन यांचा ‘जॅस्मिन’ घ्या, २०१०चा. झोपायच्या आधी ऐकायला उत्तम. जरा चपळ वाजवणं हवं असेल तर केनी बॅरन आणि डेव्ह हॉलंड यांचा ‘द आर्ट ऑफ कॉन्व्हर्सेशन’. दोन्ही ऐकून परत ‘ड्युएट्स’कडे आलात की स्वॅलोच्या पिकची ती धार पहिल्यापेक्षा जास्त स्पष्ट ऐकू येईल.

स्वतः वाजवत असाल तर

कीबोर्ड आणि बास गिटारवाले दोन मित्र असाल आणि हे करून बघायची हौस आली, तर एक चूक पहिल्याच बैठकीत हमखास होते. कीबोर्डवाल्याचा डावा हात आणि बास, दोघं एकाच मंद्र सप्तकात येतात आणि सगळं गिचमिड होतं. उपाय: कॉर्डचा मूळ सूर डाव्या हाताने वाजवायचाच नाही, तो बासवर सोडायचा. डाव्या हाताने कॉर्डचे दोनच सूर घ्या, तिसरा आणि सातवा. सी-सेव्हन असेल तर ई आणि बी फ्लॅट, आणि तेही मधल्या सप्तकात. कानाला कॉर्ड पुरा वाटतो. बासने सोलो घेतला की मात्र उलट करायचं, तेव्हा मूळ सूर कीबोर्डवाल्याकडे.

मेट्रोनोम लावाल तर चारही मात्रांवर लावू नका, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर टिकटिक येईल असा लावा. सुरुवातीला दोघांचाही पाय घसरेल. रिदम मशीन मात्र लावू नका, त्याने लय यंत्राकडे जाते आणि दोघं एकमेकांना ऐकायचं सोडून देतात. सराव मोबाइलवर रेकॉर्ड केलात तर ऐकताना हेडफोन विसरू नका, नाहीतर बासवाल्याने काय वाजवलं यावरून विनाकारण भांडण होईल.